नऊ ठोके

नॉरबी, पश्चिम जटलंड
३ सप्टेंबर

चि. गुड्रून हिस लाउस्टदादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तिसरेच कुणी ऐकते असे आपल्या धाकट्या भावाला, थ्योगरला, अजून वाटते, म्हणून पत्राने कळवतो. काल नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, दोन औषधांनी त्याच्या कानातले आवाज गेले, पण त्यांच्याबरोबर माणूसही झोपला. दुसरे औषध हळूहळू कमी करून पाहू. खरेच आहे. आपला धाकटा दुपारपर्यंत उठत नाही. उशी लाळेने भिजते, हात थरथरतात. चर्चची घंटा वाजवायला तो वर्षभरात आलेला नाही. घंटानाद संपला की द्यायचे प्रार्थनेचे नऊ ठोके, तीन-तीन करून, त्याच्यासारखे शांत मला जमत नाहीत.

त्याने बाईंना एकच विचारले, की कमी केल्यावर मला सकाळ दिसेल का? तुझा होकार असेल तर माझी प्रार्थना जरा हलकी होईल.

तुझा
लाउस्टदादा

ऑल्बोर्ग
९ सप्टेंबर

ती. दादास गुड्रूनचा सा. न. वि. वि.

तुझी भिस्त देवावर. पण दोन वर्षांपूर्वी जानेवारीत कमरेएवढ्या समुद्रातून त्याला ओढून काढलं ते मी, देवदूतांनी नव्हे. पुढे जा म्हणून आवाज त्याच्या मागे लागला होता. दुसरं औषध त्यानंतरच सुरू झालं, हे त्या बाईंना सांगितलंस ना? मला झोपलेला भाऊ चालेल, बुडालेला नको.

तरी त्याचा तो सकाळचा प्रश्न डोक्यातून जात नाही. त्याला हवं असेल तर करा. पण काही बदललं तर माझ्यापासून लपवायचं नाही. आणि त्याला सांग, राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी बेतानं लाव, नाहीतर ख्रिसमसला तुला दारातून आत घ्यायला दोघं लागतील.

माझा राग दिसला तरी ती मायाच समज.

तुझी
गुड्रून

नॉरबी
१६ नोव्हेंबर

चि. गुड्रून हिस आशीर्वाद.

दुसरे औषध निम्म्यावर आले आहे. थ्योगर सातला उठून कॉफी करतो. पाण्यासारखी झाली म्हणून मी कुरकुरलो, तर म्हणाला, औषधं मी घेतो दादा, चव तुझी कशी गेली? घंटेची दोरीही पुन्हा त्याच्या हातात आहे.

लपवायचे नाही म्हणालीस, म्हणून लिहितो. आवाज परत आला आहे. एकच, बारीक. थ्योगरने ते जेवताना स्वतःच सांगितले, बटाटे वाढून घेता घेता. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जातो आहोत. घाबरू नकोस असे कोणत्या तोंडाने लिहू? पत्र लवकर पाठव.

लाउस्टदादा

नॉरबी
२७ नोव्हेंबर

ती. ताईस थ्योगरचा नमस्कार.

तुझे पत्र दादाने वाचून दाखवले. दोन्ही औषधे पूर्वीसारखी सुरू करा, एवढेच, आणि पुढे चार उद्गारचिन्हे.

डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारले. ठरले ते असे. पहिले औषध आहे तेवढेच. दुसरे निम्मे, त्याहून कमी नाही. आवाज मोठा झाला तर वाढवायचे. हे मीच मागून घेतले. हात अजून थोडा थरथरतो, ते तुला अक्षरावरून कळेल.

आवाजाचे सांगतो. मी ठोके देतो तेव्हा तो माझ्याबरोबर मोजतो. नऊ झाले की म्हणतो, अजून एक. समुद्रातही पावलापावलाला हेच म्हणत होता. रविवारी तो म्हणत राहिला. मी दोरी न ओढता नुसती धरून उभा राहिलो. घंटेचा नाद पुरता विरला, तेव्हा दोरी खुंटीला गुंडाळली आणि दादाला जाऊन सांगितले.

ख्रिसमसला सकाळी घंटा मीच वाजवणार आहे. तू खाली उभी राहा आणि मोज.

तुझा
थ्योगर