कोटाच्या आतला खिसा

४ जानेवारी, सकाळ
नवी वही. गेल्या वर्षीची फेब्रुवारीतच सुटली, कारण पेन चांगलं नव्हतं. यंदा जांभळ्या शाईचं पेन लॉन्ड्रीतून आणलंय. गिऱ्हाइकाच्या खिशात राहिलेलं होतं. आमच्याकडे नियम आहे, तीन महिन्यांत कोणी मागायला आलं नाही की वस्तू दुकानाची. मालक म्हणाले, घेऊन जा.
संकल्प: रोज लिहायचं. खुनाच्या आणि भुताखेताच्या कादंबऱ्या कमी करायच्या. ह्यांचा कोट फक्त रविवारी कपाटातून काढायचा.

४ जानेवारी, संध्याकाळ
कोट काढला. आज रविवार नाही. पण दिवस फार लांबला होता.
वास अगदी तसाच. वर दाढीचा साबण, खाली शिलाई मशीनचं तेल. ह्यांनी जन्मभर मशिनी दुरुस्त केल्या. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली तरी वास हटत नाही. मालकांना सांगितलं, एकवीस वर्षं लोकांचे कपडे हाताळतेय, असं कधी पाहिलं नाही. मालक म्हणाले, असतं एकेक, आणि इस्त्रीकडे वळले. त्यांना वासातलं काही कळत नाही. माझं नाक फसत नाही, ही गोष्ट वेगळी.

११ जानेवारी
सहा दिवस लिहिलं नाही. सर्दी.
शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर केलं, मग लायब्ररीत. मला घराघरातल्या काळोख्या गोष्टी लागतात. भाऊ भावाला विष देतो, मावशी माळ्यावर कोंडलेली असते, भिंतीत काहीतरी हलत असतं. सुखी घराच्या गोष्टीत वाचायचं काय?
माझी एक पद्धत आहे. शेवटचं पान आधी वाचायचं. हे दहा वाजता कामावर गेले आणि पावणेबाराला फोन आला. तेव्हापासून शेवट माहीत नसलेली कुठलीच गोष्ट मी सुरू करत नाही.
आज लायब्ररीवाल्या बाईंनी दगा दिला. नवीन काही नाही म्हणाल्या आणि लायब्ररीचंच मासिक हातात कोंबलं. त्यात एक कथा चालू झालीय, ‘सावलीचं कपाट’. लेखकाच्या जागी नुसतं ‘एक वारस’. मी शेवटचं पान उघडलं. तिथे छापलंय, क्रमशः. वाचणार नाही.

१२ जानेवारी
वाचली. एक विधवा नवऱ्याची सावली कपाटात कोंडून ठेवते. रोज तिन्हीसांजेला आतून तीन टकटकी येतात. बाई कपाटाला कान लावून बसते, खूश होते. पण प्रत्येक टकटकीला तिच्या मुलीची बोटं थोडी पारदर्शक होतात. बाईला ते दिसत नाही.
अंगावर काटा आला. इतकी आंधळी बाई कुठे असते का? लेकीला सगळी गोष्ट सांगितली. ती ताटं विसळत होती. मी विचारलं, कशी वाटली. ती म्हणाली, बरी आहे की. तिला वाचनाची आवड नाही. दिवसभर ऑफिसात टायपिंग करते आणि घरी येऊन पुन्हा टायपिंग करते.

३ फेब्रुवारी
दुसरा भाग. मुलीला परगावाहून बोलावणं येतं, ती जात नाही. ती गेली तर टकटक बंद पडेल, असं काहीतरी सूचित केलंय. मी लगेच ओळखलं. गुन्हेगार धाकटा दीर आहे. अजून कथेत दीर आलेला नाही, पण येईल.
त्या बाईच्या तोंडी एक वाक्य आहे, माझ्यापासून काही लपत नाही. एवढं एक शहाण्यासारखं बोलली.

१९ फेब्रुवारी, दुपार
घरातच सस्पेन्स.
लेकीच्या ड्रॉवरमध्ये सुईदोरा शोधत होते. मागे, रुमालात गुंडाळलेला, पुरुषाचा दाढीचा साबण. अर्धा झिजलेला. त्याच्याशेजारी तिच्या कंपनीचं पत्र. दुसऱ्या शहरात जागा आहे, एप्रिलपर्यंत कळवा.
सरळ आहे. कोणीतरी पुरुष आहे. तो त्या शहरात राहतो. इथे येऊन दाढीसुद्धा करून जातो, आणि मला पत्ता नाही.
पोटच्या पोरीने एवढं लपवावं. साबण जागेवर ठेवला. सुईदोरा राहिलाच.

२३ फेब्रुवारी
संकल्प: काही बोलायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं. सगळ्या कादंबऱ्यांत घाई करणारा मरतो.
आजचा पुरावा. लेकीच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास. म्हणजे माणूस मेकॅनिक आहे. एका अर्थी बरं वाटलं, ह्यांच्याच धंद्यातला. पण लपवलं ते लपवलंच.
चहा पिताना सहज म्हटलं, हल्ली चांगले मेकॅनिक मिळत नाहीत. ती म्हणाली, मशीन बिघडलंय का. काय अभिनय करते.

२ मार्च
तिसरा भाग. मुलगी कोपरापर्यंत पारदर्शक. आई म्हणते, बारीक झालीस, नीट जेवत जा. मी वाचता वाचता हसले आणि मग संताप आला. कथेतली बाई प्रत्येक वस्तू आधी नाकाला लावते, भाजी, टॉवेल, पाहुण्यांची छत्री. ही सवय मलाही आहे, पण माझी धंद्यामुळे.
लेकीचा चेहरा उतरलाय. विचारलं, नीट जेवतेस ना. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खूप वेळ हसली. प्रेमात माणसं अशीच होतात.

८ मार्च
लेखकाला पत्र लिहिलं. चार वेळा खोडून. उतरवून ठेवते:
“तुमची कथा उत्तम, पण ती आई कपाळकरंटी आहे. तिच्यापायी पोर झिजतेय. तुम्ही मुलीला गप्प का बसवता? तिने आईला खरं काय ते सांगून टाकावं आणि बोलावणं आलंय तिकडे निघून जावं. आई रडेल, चार दिवस जेवणार नाही, मग जेवेल. मी विधवा आहे, मला माहीत आहे. लपवाछपवीने कोणाचं भलं झालेलं नाही. आपली, एक जाणकार वाचक.”
लायब्ररीवाल्या बाईंच्या हाती दिलं. त्यांनी जांभळी शाई बघितली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, नक्की देऊ का. म्हटलं, नक्की म्हणजे काय, आजच द्या.

१० मार्च
लेक जेवताना दोनदा नुसतंच ‘आई’ म्हणाली. मी वाट बघितली. मग ती म्हणाली, मी खरंच गेले तर चालेल तुला? कुठे ते सांगितलं नाही. मी म्हटलं, ज्याचं त्याने ठरवावं, मी कोणाला कपाटात कोंडून ठेवत नाही.
ती उठून आत गेली. बहुतेक त्याला फोन करायला.

२९ मार्च
ठरलं. रविवारी जाते म्हणाली. नोकरी. मी विचारलं, आणि तो? कोण तो, म्हणाली. मग मी साबण काढला, पुरावा म्हणून समोर ठेवला. तिचा चेहरा पांढरा पडला. शेवटी म्हणाली, आई, एप्रिलचा अंक आला की वाच, मला तोंडाने जमत नाहीये.
मासिकाचा इथे काय संबंध? विषय बदलण्यात ती ह्यांच्यावर गेली आहे.

५ एप्रिल
गेली. स्टँडवर मी रडले नाही. ती रडली. मिठी मारली तेव्हा मानेला साबणाचा वास आला, बाईमाणसाचा, साधा. त्या माणसाबद्दल मी काही बोलले नाही. मोठेपणा आपणच दाखवायचा.

६ एप्रिल, दुपार
शेवटचा भाग आला. मी खूश. एकदाचं खरंखुरं शेवटचं पान आलं.
पद्धतीप्रमाणे ते आधी वाचलं.
आई कपाट उघडते. आत सावली नाही. सावली पहिल्याच आठवड्यात निघून गेली होती. रोज तिन्हीसांजेला मुलगीच काळोखात उभी राहून आतून टकटक करत होती. आणि दर शनिवारी, आई कामावर असताना, बापाच्या साबणाने कपाट आतून घासत होती. आईने एकटं पडू नये म्हणून.
मी पान मिटलं. पुन्हा उघडलं.
शनिवारी दुपारी मी दुकानात असते.

६ एप्रिल, संध्याकाळ
कोट उजेडात नेला. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या कॉलरी उलटवल्या, ही कधी उलटवली नव्हती. आत दोन बारीक भोकं आणि पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा. लॉन्ड्रीचा नंबरचा टॅग तिथेच शिवतात. मी काळ्या कपड्याला काळा दोरा वापरते. पांढरा वापरून एवढा ओबडधोबड टाका घालणारा माणूस एकच.

७ एप्रिल
मालकांना गाठलं. इस्त्री खाली ठेवायला लावली.
त्यांनी लगेच कबूल केलं. तीन वर्षांपूर्वी, मला ताप होता त्या आठवड्यात, मी कोट पांघरून झोपायची आणि त्यावर उलटी केली. मला शुद्ध नव्हती. लेक कोट घेऊन रडत आली, आई उठली की मरेल म्हणाली. मालकांनी स्वतः मागच्या मोरीत धुतला. वास सगळा गेला. मग लेक घरी गेली आणि तिने ह्यांचा साबण शोधला.
मी म्हटलं, तीन वर्षं मी तुमच्यासमोर त्या वासाचं कौतुक करते आणि तुम्ही ऐकून घेता. मालक म्हणाले, तुम्हीच म्हणता तुमचं नाक फसत नाही, मग आम्ही काय बोलणार.
लायब्ररीवाल्या बाईंनाही माहीत होतं. माझं पत्र त्यांनी लेकीच्या हातात नेऊन दिलं. म्हणजे तिला जायला मीच सांगितलं. जांभळ्या शाईत.
सगळे सामील. ह्यांचा वास म्हणून मी तीन वर्षं लेकीची मेहनत हुंगत होते.

१८ एप्रिल
संकल्प: लेकीशी बोलायचं नाही. तिने दगा दिला. कोणाशीच बोलायचं नाही.
कोटाचा वास उतरत चाललाय. उतरू दे.

२५ एप्रिल, शनिवार
साबण इथेच राहिलाय, पुरावा म्हणून. सहज कोटावर घासून बघितला. तेलही घातलं. आता कोटाला न्हाव्याच्या दुकानाचा वास येतो आणि पाठीवर डाग पडलाय.
लेकीला फोन केला. बोलायचं नाही ठरलं होतं, पण हे बोलणं नव्हे, चौकशी. म्हटलं, किती घालायचीस? ती नाक ओढत म्हणाली, कॉलरला नाही गं, आतल्या खिशाला. साबण कोरडाच फिरवायचा. तेलाचा एक थेंब, बोटावर घेऊन. तू बाटली ओतलीस ना?
मी म्हटलं, नाही.
मग तिने विचारलं, कथा कशी वाटली. म्हटलं, शेवट चांगला आहे, पण दीर यायला हवा होता. ती हसली. मग मी विचारलं, बोटं कशी आहेत? दिसतात, म्हणाली. सगळी दिसतात.

२७ एप्रिल
कोट दुकानात नेला. टॅग मीच शिवला, काळ्या दोऱ्याने. मालकांनी विचारलं, नाव काय लिहू, कधी हवाय. म्हटलं, गिऱ्हाइकाचं नाव लिहू नका, आणि घाई नाही. तीन महिन्यांत कोणी मागायला आलं नाही तर दुकानाचा. नियम सगळ्यांना सारखा.
मी मागायला जाणार नाही. हे आता पक्कं.
पावती या वहीत ठेवली आहे. नुसती खूण म्हणून.