रुग्ण काल्पनिक नसून सासरा असल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
मोठे आतडे व गुदमार्ग शल्यचिकित्सा प्रशिक्षण निवड समिती,
बिश्केक.

विषय : डॉ. बुरुल बायबेकोवा यांनी मुलाखतीत वर्णन केलेला रुग्ण हयात असल्याबाबत व त्यांना पुन्हा मुलाखतीस बोलावण्याबाबत.

संदर्भ : सदर रुग्ण अस्तित्वात नसल्याचे कळवणारे आपले पत्र. (पोस्टमनकडून ते त्या रुग्णानेच सही करून घेतले.)

महोदय,

१. जे राष्ट्र आपल्या नागरिकांच्या मोठ्या आतड्याकडे दुर्लक्ष करते, त्याला इतिहास कधीही क्षमा करत नाही. हे थोर वाक्य अर्जदार खुर्चीत बसून लिहिणार होता. बसणे जमत नसल्याने ते खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहिले आहे. ओळी उताराला लागल्या आहेत, त्याबद्दल क्षमस्व.

२. अर्जदार नारिन प्रांतातील कारा-बुलुन येथे राहतो. डॉ. बुरुल या त्याच्या सूनबाई व येथील रुग्णालयातील एकमेव सर्जन. आमच्याकडची माणसे एकतर घोड्यावर असतात, नाहीतर ट्रकमध्ये; म्हणजे दोन्हीकडे भार एकाच जागी. तरी पुरुष रक्त पडेपर्यंत खोगिराला दोष देतात. बायका तर कुणालाच काही सांगत नसत. सूनबाई आल्यापासून त्या "कंबर दुखते" म्हणून येतात आणि दार लागले की ती कंबर हळूहळू खाली सरकू लागते. सूनबाईंना जमते तेवढे त्या करतात, उरलेल्यांना बिश्केकला पाठवतात. त्यांतल्या कित्येकजणी परक्या पुरुष डॉक्टरच्या धास्तीने बसस्टँडवरूनच परत फिरतात. म्हणून हे प्रशिक्षण हवे आहे. हौस म्हणून या विषयाकडे कुणी वळत नसते, हे समितीस आम्ही काय सांगावे.

३. आता प्रस्तुत रुग्णाविषयी. गेल्या हिवाळ्यात खिंड बर्फाने बंद असताना एका लग्नाच्या जेवणात अर्जदारापुढे मानाचे मेंढ्याचे डोके आले. ते त्याने एका कुशीवर कलंडून स्वीकारले. नवऱ्या मुलीकडच्यांना तो माज वाटला. चहा ओतणाऱ्या सूनबाईंनी मात्र हळूच विचारले, "मामंजी, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"तेच, ज्याच्यामुळे तुम्ही आडवे होऊन चहा पिताय."

"नवीन खोगीर आहे गं. टोचतं."

"घोडा तर तुम्ही मागच्या वर्षीच विकलात, मामंजी."

खिंड बंद, दुसरा सर्जन नाही, तेव्हा तपासणी त्यांनीच करणे भाग होते. सुनेने सासऱ्याकडे पाठ करू नये असा आमचा रिवाज आहे. सासऱ्याने सुनेकडे करू नये असे मात्र कुठेही सांगितलेले नाही, याची अर्जदाराने गावातल्या वडीलधाऱ्यांकडून खात्री करून घेतली. कल्पाक टोपी तोंडावर ओढून तो निजला. गळू निघाले, ते सूनबाईंनी त्याच दिवशी फोडले व जीव वाचवला. पुढे त्याचे भगंदर झाले. अर्जदार म्हणाला, "कापून टाक एकदाचं." त्या म्हणाल्या, "कापायला येतं मला, मामंजी. कुठे थांबायचं ते शिकायचंय अजून. तिथला स्नायू चुकून कापला गेला, तर पुढे चार पाहुण्यांत बसायची चोरी होईल तुम्हाला." आपले दुखणे त्यांनी शिकून येईपर्यंत थांबवून ठेवायचे, असे अर्जदाराने तेव्हाच ठरवले.

४. हीच हकीकत त्यांनी समितीपुढे सांगितली. मान्यवर माना डोलावत होते, असे कळते. मग आपण विचारलेत, "रुग्णाचं नाव?" आणि सूनबाई गप्प. सून सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव उच्चारत नाही. आपल्याही आजीने ते कधी उच्चारले नसेल. शहरात राहून विसर पडतो, त्यात आपला दोष नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या घरातले मोठे." आपण म्हणालात, "नाव आठवत नाही का?" त्या म्हणाल्या, "आठवतं." "मग सांगा." "सांगता येत नाही." एवढ्यावरून रुग्ण बनावट ठरला. रुग्णांची नावे गुप्त ठेवते, एवढे म्हटले असते तरी भागले असते. अर्जदाराने तसे बोलून दाखवले, तर उत्तर आले, "पण मी त्यासाठी गप्प नव्हते ना, मामंजी! खोटं कसं सांगू?" इतका प्रामाणिक सर्जन मिळत असताना समितीने हातचा घालवावा, याचे वाईट वाटते.

५. यावर घरगुती उपाय करून झाले आहेत. अर्जदाराने सूनबाईंना नाव घेण्याची रीतसर मुभा दिली व अंगणात सराव ठेवला. त्यांनी पहिले अक्षर काढताच अर्जदाराच्या पत्नीच्या हातून पळी पडली, शेजारीण धावत आली आणि सूनबाईंना लागलेली उचकी संध्याकाळी थांबली. नंतर अर्जदार नाव बदलण्यासाठी नोंदणी कचेरीत गेला. तेथील बाई म्हणाल्या, "बदला की, आजोबा. पण नवीन नावही सासऱ्याचंच होणार ना?" ही अडचण अर्जदाराच्या ध्यानात आली नव्हती. शेवटी, मुलाखतीपुरता काडीमोड घेतल्यास सून सून राहणार नाही व नाव घेता येईल, असा तोडगा त्याने जेवताना मांडला. चिरंजीव एर्मेक म्हणाले, "मला कुणी विचारणार आहे का?" सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, सूप गार होतंय."

६. तरी विनंती की, डॉ. बुरुल यांना पुन्हा बोलवावे. अर्जदार स्वखर्चाने सोबत येईल व दाराबाहेर थांबेल. नावाचा प्रश्न आला की समितीने दाराकडे पाहावे. अर्जदार आत येऊन आपले नाव आपणच मोठ्याने सांगेल आणि लगेच बाहेर जाईल. मध्ये एक अक्षर बोलणार नाही. अस्तित्वाचा आणखी पुरावा हवा असल्यास तोही तो दाखवायला तयार आहे, मात्र सूनबाईंना त्या वेळी खोलीबाहेर पाठवावे. आमच्या बायका बसस्टँडवरून परत फिरू नयेत, एवढ्यासाठी म्हाताऱ्याने एवढे करणे काही जड नाही.

आपला नम्र व विद्यमान,

तोकोन बायबेकोव
(निवृत्त सहसंपादक, तालुका वृत्तपत्र)
कारा-बुलुन, २ एप्रिल

सोबत : (१) अर्जदार हयात असल्याचा ग्रामसभेचा दाखला. (२) कंबरदुखीच्या एकवीस बायकांच्या सह्या. (३) घरचे तूप, एक बरणी. हे पत्नीने न विचारता बांधून दिले असून ती लाच नव्हे. निर्णय काहीही झाला तरी तूप समितीने खावे. बरणी तेवढी बसवाल्याकडे परत द्यावी, ती शेजारणीची आहे आणि ती रोज विचारते.