पुलाची लढाई आणि दुपारची झोप

२ फेब्रुवारी

गाईचा घोडा झाला!

शिंगं तासली, मानेवर मेणाची आयाळ चढवली, पाठीवर एक चिलखतवाला बसवला. दोन फुटांवरून कोणाची बिशाद नाही ओळखायची की हा प्राणी मूळचा शेतातल्या खेळण्यांच्या संचातला आहे. एका फुटावरून मात्र ओळखतील, कारण कास राहिली. खालच्या मजल्यावरचे मास्तर आले होते. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस! चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "शत्रूकडे दुभते घोडे होते अशी कुठे नोंद आहे का हो?"

कास तासली. मास्तरांना चहा विचारला नाही.

३ फेब्रुवारी

ग्रंथपालबाईंचा फोन. "काका, होईल ना वेळेवर?" होईल म्हणजे काय! बत्तीस वर्षं कवळ्या केल्या, एकाचंही हसू उशिरा पोचवलं नाही.

पंचवीस मार्चला वाचनालयाला शंभर वर्षं पुरी होतात. मधल्या दालनात मोठं टेबल आणि त्यावर आपल्या जुन्या पुलाची लढाई. आठशे वर्षांपूर्वीची. वाचनालयातल्या एका जुन्या हस्तलिखितात तिच्यावर अवघं एक पान आहे. एकशे ऐंशी माणसांनी दिवसभर पूल अडवून धरला आणि तेवढ्या वेळात गाव रिकामं झालं. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी मेले. समोर म्हणे चौपट सैन्य होतं. चौपट टेबलावर मावत नाही, म्हणून मी शत्रू एकशेवीसच धरलेत. मास्तर लगेच, "मग हे हरले कसे?" म्हटलं, उरलेले मागून येताहेत.

सैनिक खेळण्यांच्या ठोक दुकानातून आणले. प्लास्टिकचे, बोटाएवढे, सगळ्यांच्या हातात बंदुका. बंदुका कापून दातांच्या तारेचे भाले दिले. शिरस्त्राणं कवळीच्या गुलाबी मसाल्याची. वरून चंदेरी रंग दिला की झालं. राहिले चेहरे. तीनशे चेहरे!

४ फेब्रुवारी

आता खरं लिहितो. इथे नाही लिहायचं तर कुठे?

उजवा हात थरथरतो. आज नाही, पाच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी वर्कशॉप बंद केलं तेव्हा सगळ्यांना डोळ्यांचं कारण सांगितलं. डॉक्टरांना, म्हणजे ज्यांना मी कवळ्या पुरवायचो त्या दातांच्या डॉक्टरांनाही. हिलासुद्धा. झाकली मूठ सव्वा लाखाची! कोणासमोर सही करायची वेळ आली की चष्मा विसरतो, मेजवानीत हात खिशात. पण एक सांगतो. शेवटची तीन वर्षं हात असा असूनही माझी एकही कवळी परत आली नाही. एकही नाही! उलट डॉक्टरांचा निरोप यायचा, "सुरेख!" शेवटी सवय ती सवय.

म्हणून ही लढाई घेतली. तीनशे चेहरे नीट झाले तर मी अजून कामाचा आहे. नाही झाले तर हात दाखवून अवलक्षण, आणि तेही शंभर वर्षांच्या वाचनालयात, सगळ्या ओळखीच्या लोकांपुढे.

९ फेब्रुवारी

ही हल्ली मला चहा अर्धाच कप देते. विचारलं तर म्हणे, "साखर वाढलीय." कोणाची? "कोणाची का असेना."

११ फेब्रुवारी

आठ चेहरे रंगवले. आठही जण दारू पिऊन लढायला आल्यासारखे दिसतात. एकाचा डोळा कानापाशी गेलाय. एकाला दोन तोंडं. खूप वाईट वाटलं. सगळे पाटावर उभे केले, जेवलो आणि दीड वाजता आडवा झालो, रोजच्यासारखा.

संध्याकाळी पाहतो तर इतके काही वाईट नव्हते! कानापाशी गेलेला डोळा जागेवर आहे. ज्याला दोन तोंडं होती त्याला एक आहे, आणि तेही बरं आहे. रंग ओला असताना घाईनं मत बनवू नये हेच खरं.

१२ फेब्रुवारी

बारा चेहरे. सकाळी भिकार, संध्याकाळी उत्तम!

कारण लक्षात आलं. मेण गार होताना जसं आवळतं आणि साच्यावर नीट बसतं, तसा हा रंगही वाळताना आवळत असणार. रेघ आपोआप बारीक होते. बत्तीस वर्षं मेणात हात घातलेला माणूसच हे ओळखू शकतो. रंगवणाऱ्यांना हे ठाऊक नसावं.

१५ फेब्रुवारी

मास्तरांना माझा सिद्धांत समजावला. "रंगाला दोन तास विश्रांती द्यावी लागते, मास्तर. झाकायचं नाही, हलवायचं नाही, बघायचंसुद्धा नाही." मास्तर गंभीरपणे मान हलवत होते. ही शेजारी बसून शब्दकोडं सोडवत होती. तिला एकदम ठसका लागला. पाणी दिलं. (भांडं डाव्या हातानं दिलं. उजव्या हातानं दिलं असतं तर अर्धं तिच्या अंगावर.)

१६ फेब्रुवारी

हिला लढाईत काडीचा रस नाही. "खेळणी आवरा, मला टेबल हवंय." खेळणी! आठशे वर्षांपूर्वी एकशे ऐंशी माणसं मेली, त्यांना खेळणी म्हणते.

लग्नानंतर सुरुवातीला हिला मेणाचं काम, म्हणजे कवळीची हिरडी आधी मेणात कोरायचं, शिकवलं होतं. हौशीनं करायची, हातही बरा होता. पण डावखुरी. हिरडी कोरायची ती नेमकी उलट्या अंगानं. दीड-दोन वर्षांनी मीच म्हटलं, "राहू दे, तुझ्या हातची कवळी घालून माणूस आरशातल्यासारखा हसेल." तेव्हा मी असले विनोद करायचो. ती हसली होती. पुन्हा कधी वर्कशॉपच्या टेबलाशी बसली नाही.

२१ फेब्रुवारी

एकशेचार झाले. एकेक चेहरा वेगळा आहे! एकजण घाबरलाय, एकजण जांभई देतोय. लढाईत जांभई? पण शोभते. मी अशी कधी काढली ते आठवत नाही. हात आपला आपण चालतो आणि डोक्याला पत्ताही लागत नाही. यालाच कला म्हणत असावेत.

२४ फेब्रुवारी

ही चार दिवस मुलीकडे गेली. चला, निवांत काम होईल.

२५ फेब्रुवारी

चौदा चेहरे. वाळले, पण आवळले नाहीत.

२६ फेब्रुवारी

आजही नाही. हवेत दमटपणा आहे. तीन तास झोपून पाहिलं, तरी तसेच.

२७ फेब्रुवारी

नवी डबी फोडली. जुनी डबी फोडली. पाट खिडकीशी ठेवला, कपाटात ठेवला. बेचाळीस जण तसेच उभे आहेत, तिरळे, वाकड्या तोंडाचे. दुकानदाराला फोन करून चांगला झापला. "काका, रंग तोच आहे." तोच आहे तर आवळत का नाही? 

हात आज फार हलतोय. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागली.

२८ फेब्रुवारी

ही दुपारी बाराला आली. आल्या आल्या पाटाकडे बघून म्हणाली, "अगं बाई!" म्हटलं, काय झालं? "काही नाही. जेवलात का नीट?" जेवण झालं, झोपलो.

संध्याकाळी बेचाळिसातले तेरा जण सुधारलेले!

दमटपणा गेला एकदाचा.

८ मार्च

शत्रूचा सेनापती पुरा झाला. उघडं तोंड, ताणलेली मान, झुपकेदार भिवया. भिवया थेट माझ्यासारख्या आल्यात! कलावंत शेवटी स्वतःलाच रंगवतो म्हणतात ते खोटं नाही. मला खरं तर पूल अडवणाऱ्या आपल्या सरदाराला त्या द्यायच्या होत्या.

हिला दाखवला. म्हणाली, "मला हाच आवडला सगळ्यांत. केवढ्यानं ओरडतोय, आणि मागे कोणी ऐकत नाहीये."

१७ मार्च

तीनशे पूर्ण. तीनशे!!

मी अजून कामाचा आहे.

२४ मार्च

वाचनालयात मांडणी. पुलाचे दगड प्लास्टरचे, नदी जुन्या काचेची. सैनिक ग्रंथपालबाईंनीच उभे केले. मी खिशात हात घालून सूचना दिल्या. सेनापतीला हा असाच लागतो रुबाब.

२६ मार्च

काल लिहिणं झालं नाही. आज सकाळपासून वही तीनदा उघडून मिटली.

काल दालन भरलं होतं. लोक वाकून वाकून चेहरे बघत होते. मास्तरांनी दुभत्या घोड्याची गोष्ट निदान दहा जणांना सांगितली. मी अगदी हवेत होतो. तेवढ्यात डॉक्टर आले. कवळी तपासतात तसं खिशातून भिंग काढलं आणि दहा मिनिटं पुलावर ओणवे राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेवटी डावा हात तयार केलातच तुम्ही!"

म्हटलं, म्हणजे?

"ह्या भिवया बघा, मिशा बघा. सगळ्या रेघा उलट्या अंगानं ओढलेल्या. अहो, शेवटची तीन वर्षं तुमच्या कवळ्यांच्या हिरड्या अशाच तर कोरलेल्या यायच्या. मी तेव्हाच ओळखलं की उजवा हात दमला आणि ह्यांनी डावा वळवला. ह्या वयात! आणि खरं सांगू? आधीच्यापेक्षा सरस. पेशंट म्हणायचे, ही कवळी टोचत नाही."

मी म्हटलं, "हो. सवयीनं जमतं."

ही तीन पावलांवर उभी होती. पर्स डाव्या खांद्याला. ग्रंथपालबाई तिला विचारत होत्या, "काकू, तुम्ही काही मदत केलीत की नाही काकांना?" ती म्हणाली, "छे! मला कुठलं येतंय. मी आपली शब्दकोडी सोडवते."

दीड ते साडेतीन मी झोपायचो. चार वाजता डॉक्टरांचा माणूस कवळ्यांचे डबे न्यायला यायचा. मेणातल्या कवळ्या तेवढा वेळ टेबलावर असायच्या. तीन वर्षं.

आधी राग आला. माझ्या कामाला हात लावला, न विचारता! मग वाटलं, विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? आरशातल्यासारखं हसण्याचा तोच विनोद पुन्हा केला असता. मग फार लाज वाटली. ज्या हाताला मी उलटा म्हणून उठवलं, त्याच हातानं माझं नाव राखलं, आणि त्या नावावर मी मास्तरांना सिद्धांत शिकवत होतो. रंग आवळतो म्हणे! अक्कल आवळली होती माझी.

बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. बाहेर आलो तर चहा तयार. अर्धा कप. आता कळलं अर्धा का ते. भरलेला कप माझ्या हातात सांडतो, आणि सांडला की मी बशीला दोष देतो.

२८ मार्च

तिला सांगावं का? काय सांगू? आभार मानू? तेहतीस वर्षांत मानलेले नाहीत, घाबरेल बिचारी. डॉक्टरला दाखवून या म्हणेल.

डॉक्टरवरून आठवलं. हाताच्या डॉक्टरची वेळ घेतली. तिच्यासमोर फोन केला. ती कोड्यातून मान वर न काढता म्हणाली, "मी येईन बरोबर."

३१ मार्च

ग्रंथपालबाईंचा फोन. लोकांना लढाई फार आवडली. पुढच्या वर्षी किल्ल्याचा वेढा मांडायचा का? चारशे माणसं लागतील. म्हटलं, विचारून सांगतो. "कोणाला विचारून, काका?" 

जेवताना म्हटलं, "चारशे चेहरे आहेत. मला एकट्याला झेपेल असं वाटत नाही."

"झेपेल हो," ती म्हणाली. "रंग आवळतो ना."

मी आणखी भात मागितला. तिनं वाढला.

२ एप्रिल

दहा चेहरे रंगवले. नेहमीसारखेच, तिरळे. रंगाच्या डब्यांची झाकणं सैल करून ठेवली, ब्रश पाटाच्या डाव्या बाजूला ठेवला, आणि दीड वाजता आडवा झालो. झोप काही आली नाही. थोड्या वेळानं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.  मग ती हलकेच हसली. साडेतीन वाजले तरी तिचं काम संपलं नव्हतं, म्हणून चारपर्यंत घोरत राहिलो.