सगळेच पांढरे निघाले

केलर्टन, नेब्रास्का
रविवार, १४ नोव्हेंबर १९५४

चि. नॅडीन,

मावशीचे आशीर्वाद. नव्या छपराखालीही ते तुला लागू पडोत.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. दोन गल्ल्या पलीकडून पोस्टानं आलेलं पाकीट बघून टपालवाल्यानं विचारलं, पोरीचे पाय मोडलेत की काय? मी म्हटलं, पाय धड आहेत, बूट नवे आहेत, चिखलाला भितात.

इकडे सगळं नेहमीसारखं. तळघरातली घर तापवायची भट्टी पुन्हा धूर ओकायला लागली आहे. साखर कारखान्याकडे बीटाचे ट्रक अजून धावतात आणि वळणावर हमखास चार बीटं सांडतात. शेजारच्या हॉफमनबाई ती पदराआड लपवल्यासारखी कोटाखाली घालून नेतात, जसं काही कुणाला दिसतच नाही. मांजर तुझ्या पलंगावर व्याली. तीन पिल्लं. एक ठेवीन म्हणते.

लिहिण्यात चुका सापडल्या तर कॉलेजातल्या मुलींना दाखवू नकोस. सहावीनंतर मला शाळा माहीत नाही. पुढचं जे काही आलं ते माझ्याकडे भाड्यानं राहून गेलेल्या मुलींनी टाकून दिलेल्या पुस्तकांतून. त्यातही बीजगणित काही डोक्यात शिरलं नाही, पण माणसं वजा कशी करतात ते आता कळलं.

पाहिलंस, ताकाला जाऊन भांडं लपवणं माझ्यानं होत नाही. तू लिहिलंस की नव्या घराला एक पोक्त बाई लागते, सगळ्या मुलींची ‘घरची आई’ म्हणून, आणि तुम्ही सगळ्याजणींनी एकमतानं माझं नाव घेतलं. खाली स्वतंत्र खोली, वाफेच्या नळांची ऊब, भट्टीची कटकट नाही, स्वयंपाकाला वेगळी बाई. मी फक्त टेबलाच्या टोकाला बसायचं आणि पाहुण्यांना चहा ओतायचा. मोठ्या मंडळाच्या मिसेस प्रुइट यांनाही मी पसंत आहे म्हणे. माझा सफरचंदाचा केक त्यांना अजून आठवतो.

‘एकमतानं’ हा शब्द मी तीनदा वाचला, नॅडीन.

तुला आठवतं का, हे सगळं कुठून सुरू झालं? गेल्या वर्षी सप्टेंबरात टेकडीवर आपापली घरं असलेल्या, कॉलेजातल्या मुलींच्या जुन्या भगिनीमंडळांनी नव्या मुली निवडल्या आणि तुम्ही सातजणी रिकाम्या हातानं माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलात. थेल्मा रडून रडून इतकी फुगली होती की मी तिच्या डोळ्यांवर थंड बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. तेव्हा हेझेल म्हणाली, रडण्यापेक्षा आपलंच एक मंडळ काढू. थेल्मा चकत्यांखालून म्हणाली, आणि त्यात घेणार कुणाला? हेझेल म्हणाली, येईल तिला. तिनंच पाद्रीबाबांकडे जाऊन, टेकडीवरच्यांची असतात तशी, नावासाठी दोन ग्रीक अक्षरं काढून आणली. अर्थ, उघडं दार. माझ्या मागल्या दाराकडे बघून तुम्ही किती हसला होतात. त्याची कडी नवरा गेला तेव्हापासून मोडलेलीच आहे.

आणि नियमही तिचाच. टेकडीवरच्या घरांत मतं घेताना एक काळी गोळी पडली की मुलगी बाहेर. हेझेल म्हणाली, आपण उलटं करू. आपल्यातल्या कुणाला काढायचं म्हटलं तर सगळे दाणे पांढरे पडले पाहिजेत. एक जरी काळा निघाला तरी ती राहणार. मग माझी निळी कॉफीची किटली आली, एका वाटीत घेवड्याचे पांढरे दाणे, दुसरीत कॉफीचे भाजलेले. तुम्ही मूठ मिटून दाणा टाकून पाहिलात, सोंग म्हणून, मला काढायचं की नाही यावर. किटली उपडी केली तर सातही काळे. त्या दिवशी मला मूलबाळ नसल्याचं काही वाटलं नाही.

वर्षभर तुम्ही राबलात. बाजारात केक विकलेत, म्हाताऱ्यांच्या घरी भिंती रंगवल्यात. कॉलेजनं नाव नोंदवून घेतलं. मग मिसेस प्रुइट आल्या, हातमोजे न काढता. देशभर घरं असलेलं त्यांचं मोठं मंडळ तुम्हाला पोटात घ्यायला तयार होतं. जुनं दोन मजली घर, पितळी पाटी, छातीवर लावायच्या मंडळाच्या पिना, टेकडीवरच्यांच्या पंगतीला बरोबरीचं पान. फक्त एक अडचण. ती त्यांनी केक खाऊन झाल्यावर सांगितली. हेझेल फार गोड मुलगी आहे, त्या म्हणाल्या, पण दक्षिणेतल्या आमच्या घरांना जपानी नाव चालायचं नाही, युद्ध काही फार जुनं नाही. हेझेल मोरिओका इथून साठ मैलांवर बीटाच्या शेतात जन्मली. तिचा भाऊ आपल्याच सैन्याच्या गणवेशात इटलीत लढताना पडला. मी ते बोलले. बाई म्हणाल्या, मला स्वतःला काहीच वाटत नाही हो. जगात ही स्वतःला काहीच न वाटणारी माणसं किती घरं मोडतात.

मतदानाच्या संध्याकाळी तुम्ही सहाजणी जेवणाच्या खोलीत होतात. हेझेल माझ्याजवळ स्वयंपाकघरात पावाची कणीक मळत होती. तिनं नियमाप्रमाणे मत द्यायचं नव्हतं. मधलं दार तुम्ही लावून घेतलंत. या घरात ते दार लागतं हे मला तेव्हा कळलं.

आत काय चाललं ते दिसत नव्हतं, पण किटलीचा आवाज येत होता. तुला हे माहीत नसेल, म्हणून सांगते. घेवड्याचा दाणा कडक, तो पडला की किटली टण् करते. कॉफीचा दाणा हलका, त्याचा आवाज येतो न येतो. एक टण् झालं. हेझेलचे हात चालू होते. दुसरं झालं. मी मनात म्हटलं, पुढची नॅडीन असेल. तिसरं टण् झालं, चौथं झालं. मग तिचे हात थांबले आणि आम्ही दोघी मान वाकडी करून ऐकत राहिलो, चोर आलाय की काय ते ऐकावं तशा. सहावा पडला तेव्हा ती पुन्हा मळायला लागली.

म्हणाली, “मावशी, सगळे पांढरेच ना?”

मी म्हटलं, थांब, अजून उघडलं कुठंय.

“नका थांबू. भिजत घाला ते. उद्याच्या जेवणाला होतील.”

पत्रात तू लिहितेस, ‘मावशी, मला वाटलं थेल्मा काळा टाकेल.’ परवा थेल्मा आली होती. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिला वाटलं तू टाकशील, तू तर हेझेलच्या खोलीतली सोबतीण. बाकीच्यांना विचारलंस तर त्याही हेच सांगतील. प्रत्येकीनं भलेपणा शेजारणीवर ढकलला आणि पाटी मात्र स्वतःच्या दारावर लावून घेतली. तुमच्यातल्या एकीलाही हेझेल नकोशी नव्हती, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर मला जास्त राग येतो. नकोशी असती तर निदान काही तरी खरं घडलं असतं.

तू शेवटी लिहिलंस, हेझेलला माझं प्रेम सांग, ती भेटायला का येत नाही?

हे मी लिहायचं टाळत होते. हेझेल इथं नाही. गेल्या सोमवारी तिचे वडील ट्रक घेऊन आले. टोपी हातात धरून दारात उभे राहिले, आत या म्हटलं तरी पायपुसण्याच्या पुढे आले नाहीत. माझ्यासाठी कांद्याची गोणी आणली होती. म्हणाले, मुलगी सांगते की शिकण्यात मन लागत नाही, घरी मदत करते म्हणते. मग मला विचारलं, “बाई, इथं तिला कुणी काही बोललं का?”

काय सांगू त्यांना? कुणीच काही बोललं नव्हतं. मी म्हटलं, नाही हो, सगळ्यांची फार लाडकी होती.

तेवढं खोटं तुमच्यासाठी बोलले. आता पुरे.

तिला शाळामास्तरीण व्हायचं होतं. आता बीटाची पात छाटत असेल. जाताना तिनं पलंगाची चादर घडी घालून ठेवली आणि खिडकीतली तुझी कुंडी तुझ्या बाजूला सरकवून ठेवली, ऊन लागावं म्हणून. तुझं प्रेम मी पोहोचवणार नाही. निरोप्यानं पाठवायची ती चीज नव्हे. शनिवारची बस नऊला सुटते, त्यांच्याकडे चौकातच थांबते. शेतापर्यंत पुढे मैलभर चालावं लागतं आणि चिखल आहे.

मी एकटी पडेन म्हणून तू काळजी करतेस, ते कळतं मला. पोर तू वाईट नाहीस. तुझी आई गेली तेव्हा तू माझ्या झग्याला धरून दोन वर्षं घरभर फिरलीस. मी वळले की तूही वळायचीस. ते हात मी विसरलेले नाही, आणि त्याच हातानं तू किटलीत दाणा टाकलास, तेही नाही. मागलं दार तुला उघडंच आहे. फक्त ती पिन काढून ये.

तुमच्या एकमताबद्दल सगळ्याजणींना माझे आभार सांग, पण टेबलाच्या टोकाची ती खुर्ची मला नको. हेझेलला काढायचं की नाही यावर आपल्या जुन्या नियमानं मलाही मत आहे असं मी धरते. ते सोबत पाठवलं आहे. पाकीट जपून उघड, कॉफीचा दाणा आहे, हलका असतो, पडला तर आवाज यायचा नाही.

जिला आयुष्यात एकच बहीण मिळाली, ती
तुझ्या आईची बहीण,
आल्मा