निळी पूड

सोमवार, ३ मार्च

पोचले एकदाची. गाडीतून उतरले तर समोर टेकडीच्या उतारभर पांढरीशुभ्र फुलं, आणि मी आपली बॅग हातात धरून तोंड उघडं टाकून उभी. साहेबांनी या कामावर पाठवलं तेव्हा नाक मुरडलं होतं, ते परत घेते.

काम नेहमीचंच. ही कंपनी सफरचंदाचा रस बाटल्यांत भरून विकते. तिला दुसरा कारखाना काढायला कर्ज हवंय. बँकेला माझ्याकडून एवढंच जाणून घ्यायचंय, की हा धंदा निसर्गाच्या ज्या ज्या गोष्टींवर टेकून उभा आहे त्या धडधाकट आहेत ना. पाणी, माती, मधमाश्या, पाखरं. माझ्या नणंदबाई याला किडेमुंग्या मोजायची नोकरी म्हणतात. म्हणू देत. विहीर आटली की कारखाना बंद पडतो हे कोणालाही कळतं, माशी गेली की काय बंद पडतं हे समजावून सांगायचा मला पगार मिळतो.

राहायचं घर बागेच्या मधोमध आहे. दोन खोल्या, व्हरांडा आणि व्हरांड्यात एक आरामखुर्ची, जिच्यावर मी आल्या आल्या हक्क सांगितला. स्वयंपाकाला एक मावशी आहेत. भावाला भेटायला आठवड्यासाठी म्हणून आल्या होत्या, त्या राहिल्याच. मॅनेजर झाडाखालीही टाय लावून फिरतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव टायवाले ठेवलंय. तेही मूळचे माझ्यासारखेच, कुठल्याशा बँकेतर्फे तपासणीला आलेले. जागा आवडली, राहिलो, म्हणाले.

पुढच्या शनिवारी, १५ तारखेला, नणंदबाई भिंगरीला सुट्टीसाठी इथे आणून सोडणार आहेत. हे परदेशी, मी फिरतीवर, म्हणून माझी सात वर्षांची लेक आत्याकडे वाढतेय. ती एका जागी उभी राहिली तर ताप बघावा लागतो, इतकी भिंगरी. या उतारावर धावायला किती जागा आहे! कधी एकदा येते असं झालंय.

बुधवार, ५ मार्च

दोन दिवस जाळी घेऊन उतार पालथा घातला. एक मधमाशी नाही. माशी, भुंगा, फुलपाखरू, काही म्हणजे काही नाही. व्हरांड्यात साखरेच्या पाण्याची बशी ठेवली होती, तिला मुंगीसुद्धा शिवली नाही. पाखरांचा आवाज नाही. इतकी फुलं आणि इतकी शांतता मी एकत्र कधी पाहिली नव्हती.

आता खरी गंमत. वरच्या अंगाची झाडं लवकर फुलली, आणि तिथे फळ धरलंय. बारीक बारीक, पण भरपूर. सफरचंदाचा पराग वाऱ्यावर जात नाही, तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर कोणीतरी न्यावा लागतो. टायवाल्यांना विचारलं, मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणता का? नाही. मजूर लावून हातानं करता का? नाही. मग? ते हसले, म्हणाले आपोआप होतं. माझ्या धंद्यात आपोआप काही होत नसतं.

आणि एक गोष्ट खटकली. झाडांच्या शेंड्याला फळ नाही. अगदी खालच्या, आत वळलेल्या फांद्यांनाही नाही. सगळं फळ मधल्या पट्ट्यात. माशीला वरचं काय आणि खालचं काय, सारखंच. जे कोणी हे करतंय ते उडत नाही, आणि त्याला फारसं वाकायला आवडत नाही.

दुपारी जेवण झाल्यावर व्हरांड्यात डोळा लागला. वारा सुटला की फुलांचा वास थेट डोक्यात जातो. गाढ झोपले. मला दुपारची झोप कधी लागत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

या धंद्यात एक युक्ती आहे. परागाइतकी बारीक निळी पूड मिळते, अगदी निरुपद्रवी. ती एका झाडाच्या फुलांवर कुंचल्यानं लावायची. जो कोणी त्या फुलांना शिवेल त्याच्या अंगाला ती चिकटते, आणि तो जाईल तिथे जाते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण एक खास जांभळी बॅटरी असते, तिच्या उजेडात लख्ख चमकते. कोण कुठून कुठे गेलं, सगळा माग मिळतो.

आज कुंपणाकडच्या एका झाडाला पूड लावली. हातमोजे घालून, कारण आपल्याच हाताला लागली तर सगळी चाचणी वाया.

टायवाले बघत उभे होते. भिंगरीची चौकशी केली. कितवीत आहे, काय खाते. मग, उंची किती? मी हातानं दाखवली. त्यांनी खालच्या फांदीकडे पाहिलं आणि मान डोलावली. माणूस सभ्य आहे, पण मला ते मान डोलावणं आवडलं नाही.

शनिवार, ८ मार्च

पूड उतारभर पोचली! सावलीत बॅटरी मारत गेले, तर फुलाफुलावर निळा ठिपका. एका दिवसात इतकं काम मधमाश्यांचा थवाही करत नाही.

मग जेवायला बसले. खिडक्या लावलेल्या, खोलीत अंधारच होता. बॅटरी चालूच राहिली होती, ती मावशी वाढत होत्या तेव्हा त्यांच्या हातावर पडली. बोटांची टोकं निळी. नखांच्या कडा निळ्या. टायवाल्यांचीही तशीच.

मला हसू आलं. पकडली चोरी, म्हटलं, हातानं करता आणि लपवता कशाला? मावशी म्हणाल्या, त्या वर्षानुवर्षं बागेत गेलेल्या नाहीत. दुपारी इथे सगळेच झोपतात. त्या खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलणारी माणसं मी रोज बघते.

सोमवार, १० मार्च

जेवून उठले ती थेट व्हरांड्यात. जाग आली तेव्हा खुर्चीतच होते. चपलांना ओला चिखल. व्हरांड्यात चिखल नाही, चिखल आहे तो वर बागेत, पाण्याच्या पाटाजवळ.

पडदे ओढले. खूप वेळ बॅटरी हातात घेऊन बसून राहिले, लावायचा धीर होईना. मग लावली.

दहाही बोटं. तळव्याच्या रेषांतसुद्धा.

साबणानं घासली, घासणीनं घासली. मी शिकलेली बाई आहे, मी घाबरणार नाही, असं मोठ्यानं म्हणाले. मला भीती वाटते आहे. दर अहवालात मी विचारते तो प्रश्न आठवतो आहे — माश्या संपल्या तर त्यांचं काम कोण करणार? या झाडांनी त्याचं उत्तर शोधलेलं आहे.

भिंगरी इथे येता कामा नये.

मंगळवार, ११ मार्च

सकाळीच नणंदबाईंना फोन लावला. म्हटलं, ताई, तिला आणू नका, मीच परत येतेय. त्या चक्रावल्या.

"अगं, काल दुपारी तूच फोन केलास ना, शनिवारची वाट बघू नका, लवकर आणा म्हणून?"

फोनमध्ये नोंद आहे. काल दुपारची. मी बराच वेळ बोलले आहे. म्हणाल्या, आवाज किती गोड लागला तुझा, नाहीतर एरवी सदान्‌कदा घाईत असतेस. मी पुन्हा पुन्हा बजावलं, मी काहीही म्हणाले तरी आणू नका. त्या बरं म्हणाल्या, पण रागावल्या.

बॅग भरली. जेवण नको म्हटलं. नाकात कापसाचे बोळे घातले, खिडक्या लावल्या. आरशात स्वतःला पाहिलं आणि कापूस घातलेलं तोंड कुणाचं असतं ते आठवलं. गाडीची किल्ली घेतली, दार उघडलं —

संध्याकाळ. खुर्चीत आहे. कापूस पायाशी पडलाय. कपडे कपाटात, नीट घड्या घालून. माझ्याच पद्धतीच्या घड्या.

बुधवार, १२ मार्च

साहेबांचा फोन. अहवाल मिळाला म्हणाले, छान झालाय. मी अहवाल पाठवलेला नाही. लिहिलेलाच नाही. वाचून दाखवा म्हटलं. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय, तरी वाचलं. धोका कमी. परागणाची सोय कायमस्वरूपी. खालच्या फांद्यांची व्यवस्था या आठवड्यात होत आहे.

मी ओरडले, साहेब, ते मी लिहिलेलं नाही! ते म्हणाले, दमलीयेस तू, थोडे दिवस तिथेच विश्रांती घे.

नणंदबाईंचा फोन लागत नाही. लागत नाही. त्यांचा निरोप आलाय — निघालो. तू इतकी रडलीस म्हणून. भिंगरी खूश आहे.

मी रडले? कधी?

किल्ली सापडत नाही. फाटकापर्यंत चालत जायचं. वाटेत झाडं. सगळी वाट झाडांतूनच.

गुरुवार, १३ मार्च

सकाळी चालत निघाले. नाकाला ओला रुमाल. फाटक दिसत होतं —

आता उन्हं कलली आहेत. व्हरांड्याच्या पायरीवर तिचे बूट. छोटी बॅग. नणंदबाई आत खाटेवर झोपल्यात, गाढ. हलवलं, उठत नाहीत. त्यांच्या बोटांवर बॅटरी मारायची नाही. मारली.

मावशी म्हणाल्या, तूच फाटकावर गेली होतीस घ्यायला. लेकीला उचलून घेतलंस. आम्हा सगळ्यांना बघून बरं वाटलं.

मी तिला उचललं. मला आठवत नाही. माझ्या लेकीला उचललेलं मला आठवत नाही.

ती दिसली. पाटाजवळच्या झाडाखाली. अनवाणी. उभी आहे. एका जागी. ती कधी एका जागी उभी राहत नाही. हात पानांत गेलेला, एक एक फूल — किती हळू. किती नीट. खालची फांदी तिच्या बरोबर उंचीची आहे.

वही घेऊन आलेय इथे. लिहीत राहिले तर जाग राहते, असं वाटतंय. पानावर बोटं उमटतात. पेन धरवत नाही, बोटं दुसरंच काही —

ती वळून बघत नाही. भिंगरी. भिंगरी, आई आलीय. हाक मोठ्यानं मारायला हवी. मारते. तिला खांद्यावर टाकायची आणि पळत सुटायचं, फाटक लांब नाही, दिसतंय, मी मारतेच हाक, फक्त ही एवढी एक फांदी झाली की