लोक्रोला उकळी येईपर्यंत

प्रिय हिमेना,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तुझी सोइला आत्या तुझ्या गुआयाकिलच्या स्वयंपाकघरात टोपली उघडत असेल. टोपलीत सर्वांत वर हे पाकीट, त्याखाली धुतलेले पांढरे फडके, आणि फडक्याखाली हिरव्या पानांत गुंडाळलेले, तू मागितलेले ताजे चीज. पाकिटावर मी ‘घराची कागदपत्रे’ असे लिहिले आहे. ते पूर्णपणे खोटे आहे असे मला वाटत नाही. माझी विनंती एवढीच की चीज कापण्यापूर्वी तू खोलीचे दार लावून हे पत्र शेवटपर्यंत वाचावेस. तोवर त्याचा तुकडाही तोंडात घालू नकोस.

रविवारी तू फोन केलास तेव्हा आत्या माझ्या शेजारीच बसली होती, आणि मला कमी ऐकू येत असल्याने फोनचा आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे तुझे प्रत्येक वाक्य तिच्याही कानी पडत होते. “बाबा, मला उठता-बसता आत्याचं चीज दिसतंय. गरम कणीस, त्यावर ते चीज, बाकी काही नको,” असे तू म्हणालीस. माझे पत्र येईपर्यंत थांब, असे मी घाईने म्हणालो, आणि तू हसलीस. “डोहाळे काय पोस्टमनची वाट बघत बसतात?” आत्याही हसली. “मास्तर, पोटुशीचा डोहाळा अडवणाऱ्याच्या डोळ्याला रांजणवाडी येते, ठाऊक आहे ना? मी स्वतः घेऊन जाते तिला.” भूमितीचा शिक्षक म्हणून माझा जन्म गेला तरी माझी थोरली बहीण मला ‘मास्तर’ म्हणते ते थट्टेनेच. तिच्यासमोर मी पुढे काही बोलू शकलो नाही. का बोलू शकलो नाही, तेच तुला सांगायचे आहे.

तुझी आई गेल्यापासून या घरात मी एकटा आहे असे म्हणणे अचूक होणार नाही. सकाळी दूध तापवायला ठेवतो, ते वर येते, मी गॅस बंद करायला हात पुढे करतो, आणि मागून कोणीतरी म्हणते, “अजून एक उकळी येऊ दे, एफ्राइन.” मी वळून पाहत नाही. आणखी एक उकळी येऊ देतो. तिचा मोठा मातीचा हंडा चुलीजवळ उपडा ठेवलेला आहे. मी तो हलवलेला नाही, तरी काही सकाळी तो उपडा ठेवला होता की सुलटा, याची मला खात्री वाटेनाशी होते. चिंबोरासोच्या बर्फावरून वारा उतरला की त्याच्या बुडावर ठेवलेले झाकण वाजते. मी शिकलेला माणूस आहे. वाऱ्याने झाकण वाजते हे मला समजते.

तुझ्या मनात आईविषयी एक अढी राहिली आहे, हे मला माहीत आहे. मूल हवे असे तू आणि फाबिआनने ठरवले, त्या दिवसापासून तिने तुम्हांला पिडले. आधी रक्त तपासून घ्या, दोघांचेही. लाजण्यासारखे त्यात काही नाही. गोवराच्या धाकट्या बहिणीची, रुबेलाची लस टोचून घे आणि मग महिनाभर थांब. मांजराची घाण फाबिआनला काढू दे. पाला वाहत्या पाण्याखाली धू, मांस आत लाल राहू देऊ नकोस, मच्छरदाणीवाचून निजू नकोस, लघवीला जळजळ झाली तर घरगुती काढे करत बसू नकोस. गेल्या नाताळात तू वैतागून म्हणालीस, “आई, मी आजारी नाहीये गं, मला फक्त मूल हवंय.” ती हात पुसत परसात निघून गेली आणि बराच वेळ आत आली नाही. तू दुखावलीस. त्या वेळी मी तुला सांगायला हवे होते असे कदाचित तुला वाटेल. परंतु ते सांगणे माझ्या अखत्यारीत नव्हते.

लहानपणी तुला तिच्या हंड्याची लाज वाटत असे. गावात कोणाला दिवस गेल्याचे कळले, की तुझी आई तो हंडा लोक्रोने भरून तिच्या दारात उभी राही. बटाट्याच्या त्या दाट सारात तिने चीज चांगले विरघळेपर्यंत शिजवलेले असे. “चीज खायचं ते असंच, रटरटलेलं,” असे ती त्या पोरींना बजावी. बायका हसत. सर्वांत मोठ्याने आत्या हसे. “आमच्या ओतिलियाचं काही विचारू नका. तीर्थाचं पाणी दिलं तर तेही उकळून घेईल.” आईही त्या हसण्यात सामील होई. आत्याचे चीज ती दर शनिवारी दोन्ही हातांनी घेई, कपाळाला लावी आणि थेट हंड्यात टाके. आपल्या ताटात ते कच्चे कधी आले नाही. तू रडलीस तरी आले नाही.

गाव आत्यालाही हसायचे, ते निराळ्या कारणाने. पोटुशी बाई दारात दिसली की सोइलाचे चीज संपते, अशी म्हणच पडली होती. “आजचं गेलं बाई सगळं, ही दोन उकडलेली अंडी घेऊन जा,” असे ती सांगे, आणि आत मांडणीवर गोळे निथळत असत. लोक तिला चिकट म्हणत. तिचा डोळा सुजला की म्हणत, घ्या, डोहाळे नाकारल्याची रांजणवाडी. मीसुद्धा ही थट्टा केली आहे. ती तू ऐकली आहेस, लक्षात ठेव.

आणि तुला मृतांच्या दिवशीची पावाची बाळे आठवत असतील. जांभळ्या पेजेबरोबर खायला सगळ्या घरांत लहान मुलांसाठी रंगीत साखरेची नाकडोळे काढलेली ती बाळे येतात. आपल्याकडे तुझे एक यायचे आणि आणखी एक यायचे. ते कोणी खात नसे. आई ते दुपट्यात गुंडाळावे तसे रुमालात गुंडाळून खिडकीशी ठेवी आणि दुसऱ्या दिवशी दफनभूमीत घेऊन जाई. हे कोणाचे, असे तू एकदा विचारलेस. ती म्हणाली, “पाहुण्याचं.” तू दिवसभर दाराकडे पाहत बसली होतीस.

तो पाहुणा तुझा थोरला भाऊ होता.

तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे. तुझ्या आईला सातवा महिना होता, आणि तुझ्यासारखाच तिला एकच ध्यास होता: कणीस आणि ताजे चीज. आपल्याकडे डोहाळा हा हट्ट मानत नाहीत, बाळाची मागणी मानतात. ती अपुरी राहिली तर बाळाच्या अंगावर डाग उठतो किंवा ते टिकत नाही, असे माझी आई सांगत असे. म्हणून सोइलाताई वरच्या कुरणावरून, धुके असो की गारा असोत, दर दोन दिवसांनी चीज घेऊन यायची. धारोष्ण दुधाला वासराच्या जठराचे विरजण लावून, हाताने दाबून, पानात गुंडाळलेले. याच चीजने मला रिओबांबाच्या कॉलेजात पाठवले होते. त्याला आम्ही पवित्रच मानत होतो. दूध उकळले तर ते नीट लागत नाही, गोळा फुटतो, म्हणून ते कोणी उकळत नसे. ते चीज पांढरेशुभ्र होते आणि त्याला गवताचा वास येई. त्यात काही वाईट असेल असे सांगणारी एकही खूण त्यावर नव्हती.

मग तुझ्या आईला ताप आला. थोडी कणकण, कंबर भरून येणे, सर्दीपडशात येते तसे. ताईने लिंबू आणि दालचिनी घालून काढा दिला, ताप उतरला, आम्ही निश्चिंत झालो. त्यानंतर एका सकाळी आईने माझा हात पोटावर ठेवला आणि म्हणाली, “बघ ना, हा आज काही बोलत नाहीये.” मी हात तसाच ठेवून बसलो. हिमेना, माझ्या या उजव्या हाताला अजूनही ती शांतता जाणवते. फळ्यावर वर्तुळ काढतानाही जाणवत असे.

शहरातल्या इस्पितळात रक्ताची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू बोलत होत्या. लिस्टेरिया नावाचा जंतू आहे, असे त्यांनी सांगितले. कच्च्या दुधाच्या ताज्या चीजमध्ये तो असू शकतो, थंडीतही वाढतो, आणि गरोदर बाईला नुसती कणकण देऊन बाळापर्यंत पोचतो. चीज चांगले उकळले असते, दूध तापवलेले असते, किंवा ताप आला त्याच दिवशी औषध सुरू झाले असते, तर कदाचित. ‘कदाचित’ एवढे म्हणून त्या थांबल्या. “चीज कुठून आणता?” असे त्यांनी विचारले. तुझ्या आईने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “बाजारातून.”

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. गाव दिसू लागले तेव्हा म्हणाली, “ताईंना हे कधीच कळता कामा नये. माझं एक गेलं. त्यांना कळलं तर त्याही जातील.” मी मान डोलावली.

पांढरी पेटी इतकी लहान होती की ताईने ती मांडीवर घेतली, आणि दफनभूमीपर्यंत दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही. माती लोटून झाल्यावर ती तुझ्या आईसमोर उभी राहिली. डोळे कोरडे होते. “ओतिलिया, खरं सांग. मी सगळे डोहाळे पुरवले ना गं? माझ्याकडून काही राहिलं नाही ना?” तुझ्या आईने तिचे दोन्ही हात धरले. “काही राहिलं नाही, ताई. तुम्ही पोटभर दिलंत.”

ते वाक्य ऐकून मी जन्मभर जगलो आहे. तुझ्या आईने त्यानंतर त्या घटनेबद्दल चकार शब्द काढला नाही; तिने हंडा उचलला. गावातल्या प्रत्येक पोटुशीला तिने तो लोक्रो खाऊ घातला, आणि ज्यांना तिने वाचवले त्या कोण, हे तिलाही कधी कळले नाही. तुझ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली प्रत्येक तपासणी तिने केली, आणि आत्याचे चीज रोज खाल्ले, उकळून. तुला ठणठणीत जन्माला आलेली पाहून आत्या म्हणाली, “बघ, हिचे डोहाळे नीट पुरले.”

येथपर्यंतचा मजकूर मी काल लिहून ठेवला होता, आणि त्याखाली सही करून पाकीट बंद करणार होतो. आज सकाळी टोपली आणायला मी वर आत्याच्या घरी गेलो. ती शाल पांघरून, बूट घालून तयार होती. चीजचा गोळा ती पानात बांधत होती तेव्हा मी पाहिला; कडेने फुटत होता, बोटांना चिकटत होता. जन्मात तिचे चीज असे झालेले नाही. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, “या खेपेला लागलंच नाही मेलं. म्हातारीचे हात आता, दुसरं काय.” मी पाणी प्यायला आत गेलो. मोरीत मोठे पातेले भिजत घातले होते. त्याच्या तळाला दुधाची करपलेली साय धरली होती, आणि सगळ्या घराला उकळलेल्या दुधाचा वास होता. मांडणीवर निथळणारे गोळे आणि दारातल्या पोटुशीला दिलेली ती उकडलेली अंडी माझ्या डोळ्यांसमोर येत राहिली. तिला कोणी सांगितले, केव्हा, की त्या दफनभूमीतच तुझ्या आईच्या चेहऱ्यावर तिने ते वाचले, हे मी विचारले नाही. बाहेर आलो तर ती उजवा डोळा चोळत होती. “बघतोस काय, मास्तर? बस चुकेल.”

टोपली घेऊन मी पुढे घरी आलो, आणि ती बसपाशी येईपर्यंत हे उरलेले लिहीत आहे. म्हणून हे पत्र आता निराळ्या कारणासाठी तुझ्याकडे येत आहे. काळजी घेच: चीज उकळलेल्या दुधाचे असले तरी वाटेत त्याला हवा आणि हात लागले आहेत, आणि ताप किंवा कणकण आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, काढा घेऊ नकोस. परंतु मुख्य विनंती ही, की तुला कळले आहे हे आत्याला कळू देऊ नकोस, आणि मला कळले आहे हेही नको. दोघींनी एकमेकींपासून जे जन्मभर झाकून धरले, ते उघडण्याचा अधिकार तुला-मला नाही. चीज दोन्ही हातांनी घे. कपाळाला लाव. बटाटे शिजले की तिच्यासमोरच ते हंड्यात टाक, आणि आई करायची तशी आणखी एक उकळी येऊ दे. आत्या आईला नावे ठेवील, तीर्थाच्या पाण्याची गोष्ट पुन्हा सांगेल. सांगू दे. तू हस. आणि वाढताना पहिली वाटी तिला दे.

तुझाच,
बाबा