काठ वर, काठ खाली

आदिस अबाबा

प्रिय एमेबेत,

रविवारी व्हिडिओ फोनवर तू म्हणालीस, "ताई, आईला सांग, रुसायला मलाही येतं. नातवाचं तोंड बघायचं असेल तर आधी माझ्याशी बोलावं लागेल." आणि मी नंदीबैलासारखी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला फार लाज वाटते आहे. म्हणून लिहायला बसले.

तुझं लग्न आठव. आईने वर्षभर टकळीवर सूत कातलं, शोंका विणकराकडून तुझा पायघोळ झगा विणून घेतला आणि टोरोंटोला पाठवला. तो तू पेटीत ठेवलास, आणि नवऱ्याच्या मित्रमंडळींनी मागवलेला हिरवागार झगा घालून फोनसमोर उभी राहिलीस. त्याचा काठसुद्धा विणलेला नव्हता, यंत्रावर छापलेला. आईने सगळ्या वऱ्हाडासमोर विचारलं, "हे काय घातलंयस? भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळलंस की काय?" तू फोन कापलास. मीही कापला असता.

पण त्यानंतरचं तुला माहीत नाही. दोन-चार दिवसांनी कापूस पिंजता पिंजता ती स्वतःशीच हसायला लागली. म्हणाली, आजीच्या लहानपणी रुंद लाल पट्टा फक्त सरदारांच्या खांद्यावर दिसायचा, बाकीच्यांचं सगळं पांढरं. पुढे बाजारात परदेशी रंगीत धागा आला आणि बायकांचे काठ बोटभराचे वीतभर झाले. आईने पहिल्यांदा तसला निळा-पिवळा काठ लावला तेव्हा आजीने तिला चारचौघांत झापलं होतं, "तमाशाला निघालीस का?" त्या दिवशी आई आजीशी जेवेपर्यंत बोलली नव्हती. हे सांगून ती म्हणाली, "मी अगदी माझ्या आईवर गेले गं." डोळे पुसले आणि परत कापूस पिंजायला लागली. तुला फोन लावते म्हटलं तर हात झटकून म्हणाली, "आत्ता नको."

तुला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात ती माझ्या फोनमधला तुझा लग्नाचा फोटो घेऊन शिरो मेडाच्या कापडबाजारात गेली. मीही बरोबर होते. शोंका मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. फोटो बघून म्हणाला, "मावशी, हा रंग धाग्यात येत नाही. हा फोनचा रंग आहे." आई म्हणाली, "माझ्या लेकीच्या अंगावर आहे ना? मग येतो. तू बस इथेच, मी आणते शोधून." मग दुकानामागून दुकान, प्रत्येक रिळाला फोन लावून बघणं. एका दुकानदाराने तर विचारलं, "आजी, डोळे तपासायचेत की धागा घ्यायचाय?" शेवटी तिला तो हिरवा मिळाला. बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी पांढरं कापड, काठ तुझ्या झग्याचा. मी म्हटलं, आता तरी बोल तिच्याशी. तर म्हणे, "कापड आधी जाऊ दे. नुसती जीभ पाठवली तर ती पुन्हा फोन कापेल." तुम्ही दोघी सारख्याच हट्टी.

आता माझं. मध्यंतरी तू म्हणालीस, "ताई, हल्ली दर रविवारी नटलेली असतेस. खांद्यावरच्या नेटेलाचा काठ खाली सोडून, सणाला निघाल्यासारखी." एमेबेत, फोन वाजला की मी आधी अंगावर पांघरलेला पांढरा नेटेला उलटा करते. गळ्याशी, तोंडाजवळ घेतलेला काठ खाली सोडते, चेहऱ्यावरून हात फिरवते आणि मग फोन उचलते. आई देवळात गेली आहे, आई तीर्थाच्या झऱ्यावर गेली आहे, आईचा डोळा लागला आहे, असं काहीबाही सांगते. तू फोन ठेवलास की काठ पुन्हा वर घेते. शेजारच्या बायका दारातून हे बघतात आणि मान फिरवतात. त्यांच्यासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आपल्यात काठ वर कधी घेतात ते तुला सांगायला नको. ही बातमी फोनवर देत नाहीत, कागदावर तर नाहीच. पहाटे माणसं अंगणात येऊन बसतात, मग कुणीतरी तोंड उघडतं. तुझं अंगण इतकं लांब. मामा म्हणाला, "आधी दिवस भरलेले, आता ओली बाळंतीण आहे, दूध आटेल. बाप्तिस्मा होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही." तेवढं मी ऐकलं, तेवढं मला सोसलं. पण रविवारी तू तिच्यावर रुसलीस आणि मी मान हलवली, ते सोसत नाही. म्हणून मामाला न विचारता हे पत्र तुझ्याकडे निघालेल्या त्सिगे आत्याबरोबर पाठवते आहे. आधी बाळाला तुझ्याकडून घे आणि मगच पत्र दे, असं तिला बजावलं आहे. एमेबेत, आई गेली. तुझे दिवस भरत आले होते तेव्हा, झोपेतच. कापड विणून घरी आलं होतं, तिने ते पाहिलं होतं, आणि येत्या रविवारी मीच फोन लावते असं म्हणाली होती. तो रविवार आलाच नाही. ती रुसलेली नव्हती गं. तुला कुणावर रागवायचंच असेल तर माझ्यावर रागाव, मी आहे.

तुझीच,
वोर्कनेश